नकटीचं राहिलेलं माप

वैजू,

"थांब, गवत बाजूला करते," असं तू म्हणालीस आणि मी थांबले. कानाला फोन, हातात पेन्सिल, समोर ओट्यावर पसरलेला कागद. गॅसवर गिलक्याची भाजी होती, ती मी मंद केली. तुझी मापं एकदा सुरू झाली की लवकर संपत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

परवा तुझं तेरावं झालं. त्याआधी राजघाटावर दहावा झाला. मी दोन्हीकडे होते. ताप्तीचं पाणी बघितलं, तुझ्या लेकीचे, केतकीचे सुजलेले डोळे बघितले, प्रकाश भाऊजींचं भादरलेलं डोकं बघितलं. एवढं बघूनही मला वाटतंय की फोन अजून चालू आहे आणि तू पलीकडे गवतात वाकलेली आहेस. माणूस गेलं हे डोळ्यांना कळतं, कानांना कळत नाही. माझ्या कानांना तुझा शेवटचा निरोप एवढाच मिळालाय, की थांब.

त्या सकाळी तू भाऊजींबरोबर धूलकोटला गेलीस. त्यांचं कापसाचं काम होतं. तुझं काम वेगळंच होतं. तुला कुणीतरी सांगितलं होतं की तिथल्या एका जिनिंगवाल्याच्या शेडमागे लढाईच्या काळातला एक ट्रक सडत पडलाय, तोंड चपटं, चाकं गायब. तू आदल्या दिवशीच मला बजावलं होतंस, "उद्या सकाळी कुठं जायचं नाही. मी माप सांगेन, तू लिहायचं. मला एका हातात टेप आणि एका हातात पेन जमत नाही." आणि सकाळी फोन आला तो असा:

"मंगल, सापडली!"

"कोण?"

"नकटी! म्हणजे आपली नाही गं, तिची बहीण. पण तोंड तेच. नाक तेच, डोळे तेच. फक्त पोटातून बाभूळ उगवलीय."

मग तू मापं सांगत गेलीस. बॉनेटची रुंदी, जाळीची उंची, दोन दिव्यांमधलं अंतर. तुझा आवाज धापा टाकल्यासारखा येत होता. मला वाटलं, आनंदानं. मध्येच तू म्हणालीस, "मंगल, तुझं बरोबर होतं. समोरची काच सरळ नाहीये. वरून पुढं झुकलीय."

"परत म्हण."

"काय?"

"माझं बरोबर होतं ते."

तू हसलीस. "लिही गपचूप. आता खालचं माप. थांब, गवत बाजूला करते."

त्यानंतर फोनमध्ये आधी एक सळसळ झाली. मग काहीतरी जड खाली टेकल्याचा आवाज. मला वाटलं, टेप पडली. मी म्हटलं, "काय पाडलंस?" उत्तर नाही. धूलकोटकडे नेटवर्क जातं, म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिले. पण नेटवर्क गेलेलं नव्हतं. वारा ऐकू येत होता. लांब कुठंतरी शेळी ओरडत होती. मग भाऊजींचा आवाज आला, आधी नेहमीसारखा, "वैजू, चहा थंड होऊन राहिला," आणि मग तसा आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता. पावलं धावत आली. कुणीतरी ओरडलं, "भाभी गिर गई! पानी लाओ, पानी!" दुसरा म्हणाला, "साँप देखो, पैर में देखो, घास में साँप होगा."

मी माझ्या स्वयंपाकघरातून बोंबलत होते, वैजू. "भाऊजी! भाऊजी, फोन उचला! काय झालं?" तुझा फोन गवतात पडला होता आणि माझा आवाज तिथं गवतातच जिरत होता. त्यांचं सगळं मला ऐकू येत होतं आणि माझं कुणालाच नाही. तुला उचलल्याचं मी ऐकलं. गाडीचं दार लागल्याचं ऐकलं. गाडी निघून गेल्यावर परत वारा. मी तो वारा ऐकत उभी राहिले, फोन ठेवायचा कसा तेच सुचेना. आमच्या गल्लीतले लूम खडखडत होते, भाजी करपली होती, आणि माझ्या कागदावर तू सांगितलेली मापं होती, सुवाच्य अक्षरात.

साप नव्हताच. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली. बुऱ्हाणपूरला आणेपर्यंत तू नव्हतीस. तुला बीपी नव्हतं, साखर नव्हती, तू रोज सकाळी शनवारा दरवाज्यापर्यंत चालून यायचीस आणि मला आळशी म्हणायचीस. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्या साडीच्या काठाला कुसळं लागलेली होती. मी ती एकेक काढत बसले. नर्स म्हणाली, "आंटी, रहने दो." मी म्हटलं, "तिला आवडत नाही." तिला मराठी कळत होतं की नाही, कोण जाणे.

मला अजूनही कुणी 'कसं झालं?' असं विचारलं की राग येतो. कसं झालं म्हणजे काय? असं झालं. एक बाई माप सांगत होती आणि मग नव्हती.

माणसं भेटायला येतात आणि तुझ्याबद्दल विचारतात तेव्हा मला सांगावं लागतं की आम्ही दोघी काय करत होतो. फार अवघड जातं. कागदाच्या मिलच्या वसाहतीतल्या जुन्या कुळकर्णीकाकू म्हणाल्या, "अगं, पण ट्रक कागदाचा कसा असेल?" मी सांगितलं की खरा ट्रक मोजायचा, त्याचा प्रत्येक भाग मनातल्या मनात उलगडून सपाट करायचा, तो कॉम्प्युटरवर काढायचा, रंगवायचा, छापायचा, आणि मग कुणीही जगात कुठंही तो कापून, मुडपून, चिकटवून हातभर लांबीचा ट्रक उभा करायचा. त्या म्हणाल्या, "हो का." आणि मग विचारलं, "मुलीचं लग्न राहिलंय ना तिच्या?"

तुला किती हसू आलं असतं.

उलगडणं तुझं, उभं करणं माझं. तू मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात सगळी उमर ट्रेसिंग केलेलं, मी शाळेत पोरांना हस्तकला शिकवलेली. तू काढलेला भाग मी कापायचे आणि कुठं अडतं ते सांगायचे. आणि मग आपलं भांडण सुरू. चिकटवायच्या पट्ट्या, ज्यांना आपण जिभा म्हणायचो, त्या तुला नको असायच्या. "जीभ लावली की सांध्याला जाडी येते. कड कडेला भिडव." मी म्हणायचे, "तुझं काय जातंय, भिडवायचं मला असतं." चाकावरचा पत्रा दोन्हीकडून गोल होता आणि कागद एकाच बाजूनं वळतो, दोन्हीकडे वळवला की चुरगळतो. त्यावर तू महिनाभर डोकं फोडलंस. शेवटी पाकळ्या पाडून तो गोलवा तू आणलास. मी पहिला तयार करून तुझ्या हातात दिला, तेव्हा तू तो नुसता गालाला लावलास.  चष्म्यावर गोंद लागला होता, तोही पुसला नाहीस.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," असं दर वेळी काही चुकलं की तूच म्हणायचीस.

ते नावच तसं पडलं होतं. आपल्या लहानपणी मिलमध्ये एक लष्करी ट्रक होता. दुसऱ्या महायुद्धात वापरलेला, लढाई संपल्यावर लिलावात निघालेला, फिरत फिरत आपल्याकडे आलेला. बाकीच्या ट्रकांना लांब नाक होतं, त्याला नव्हतंच. म्हणून वसाहतीतली सगळी पोरं त्याला नकटी म्हणायची. जंगलातून बांबू भरून तो यायचा तेव्हा शेपटाकडचे बांबू रस्त्यावर घासत यायचे आणि तो आवाज ऐकून आपण खेळ टाकून पळायचो. तुझा भाव तेव्हा फार होता, कारण नकटी चालवायचे तुझे बाबा, आमचे दामूकाका. खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून, एक कोपर खिडकीबाहेर काढून. मला अजून ते तसेच दिसतात.

आणि मग तो अपघात झाला. आपण पाचवीत असू. उतारावर नकटीचं चाक नालीत गेलं, बांबूंची साखळी तुटली, आणि वर बसलेला खलाशी, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, भिका त्याचं नाव, बांबूंखाली सापडला. वसाहतीत सगळ्यांना कारण माहीत होतं. दामूकाकांना डुलकी लागली. त्यांनीच चौकशीत तसं सांगितलं. माझी आई दबक्या आवाजात म्हणायची, "बिचारा खरं बोलला तरी." त्यानंतर त्यांनी कधी गाडी चालवली नाही. मिलनं त्यांना गोदामात बसवलं. ते ओट्यावर बसायचे आणि ट्रक गेला की मान दुसरीकडे करायचे.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तू नकटी करायला घेतलीस तेव्हा मला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं. मी म्हटलं, चल, आता बाबांची गाडी होईल. पिवळा पडलेला रंग, दारावर मिलचं नाव, काचेला लिंबू-मिरची, मागे बांबू. बांबूसाठी तर मी अगरबत्तीच्या काड्यासुद्धा जमवायला लागले होते. आणि तू म्हणालीस, "बांबू नाही. मिल नाही. लढाईतली करायची. हिरवी."

"अगं, पण आपण हिरवी कधी पाहिली? आपण पाहिली ती कर."

"लोकांना लढाईतली लागते. बाहेरचे लोक तेच मागतात."

"लोकांचं तू कधीपासून ऐकायला लागलीस?"

 मग मी लढाईवरच घसरले. म्हटलं, माणसं मारायची गाडी काय मेली कौतुकानं करायची. तू म्हणालीस, "हिनं कुणाला मारलं नाही. ही पीठ आणि डिझेल वाहायची." आणि मग हळू म्हणालीस, "तेव्हा नाही मारलं." मला वाटलं, तुला भिका आठवला. मी विषय बदलला.

दुसरं भांडण ड्रायव्हरचं. मोकळी केबिन मला बघवेना. मी म्हटलं, एक माणूस बसव ना आत, नुसती छाती आणि डोकं, आठ तुकड्यांत होईल. तू म्हणालीस, "मी ड्रायव्हर काढत नाही."

"येत नाही म्हण."

"येतो. पण तो कुठं बघताना काढू?"

"समोर, अजून कुठं!" मी म्हटलं आणि आपण दोघी हसलो. म्हणजे मी हसले. तू हसलीस का, ते आता मला आठवत नाही.

मला वाटायचं तुला वडिलांच्या डुलकीची लाज वाटते. इतकी वर्षं झाली तरी मुलीच्या मनातून जात नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. कालपर्यंत मला तसंच वाटत होतं.

तेरावं झालं त्या संध्याकाळी केतकी तुझ्या टेबलाशी बसली होती. मला म्हणाली, "मावशी, मम्मीने सगळं नीट नावं देऊन ठेवलंय, पण केबिनचा पुढचा भाग कोराच आहे. पूरा ब्लँक. बाकी सगळं कम्प्लीट. हे तू करशील ना?" मी म्हटलं, माझ्याकडे मापं आहेत, पण खालचं राहिलंय. हे मी केतकीला सांगत होते. भाऊजी दारात उभे होते, त्यांनी ऐकलं.

काल सकाळी ते गाडी घेऊन आमच्या दारात आले. चहाला आत या म्हटलं तर आले नाहीत. "मंगलताई, चला," म्हणाले. "ते माप घेऊन येऊ."

"भाऊजी, घाई नाही हो. तुम्हाला तिथं जायला…"

"मला घरी बसून नाही होऊन राहिलं," ते म्हणाले. केतकी मागच्या सीटवर बसली होती, मांडीवर तुझी टेप. ती टेप त्या शेडवाल्यानं सांभाळून ठेवली होती आणि पोचती केली होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, मग केळी संपल्या, कापूस सुरू झाला. भाऊजी गाडी फार हळू चालवत होते. मागचे लोक हॉर्न देऊन पुढं जात होते.

शेडवाले म्हातारे भले गृहस्थ आहेत. आम्ही उतरताच हात जोडून उभे राहिले. त्यांनी ट्रकभोवतीचं सगळं गवत कापून घेतलं होतं. म्हणाले, "बहुत बुरा हुआ साहब. हमको तो रात-दिन वही दिखता है." मी पुढं गेले. वैजू, ती तिथं होती. गंजून लालभडक, पोटातून बाभूळ आलेली, पण तोंड तेच. मला एकदम रडूच फुटलं आणि ते तुझ्यासाठी होतं की तिच्यासाठी, मला सांगता येणार नाही. काच कधीच फुटली होती, पण चौकट होती आणि ती खरंच वरून पुढं झुकलेली होती, विहिरीत डोकावणाऱ्या माणसासारखी. जमिनीकडचं ते माप, ज्यासाठी तू वाकली होतीस, आता उघड्यावर होतं. कुणीही दुरून घेतलं असतं. मला वाटलं, हे गवत दोन आठवडे आधी कापलं असतं तर? काही झालं नसतं. डॉक्टरांनी सांगितलंय, कुठंही झालं असतं, न्हाणीघरातही. पण मनाला असं सांगून काय उपयोग.

मी केबिनमध्ये चढले. सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा होत्या, त्यावर शेडवाल्यांनी पोतं टाकून दिलं. स्टिअरिंगचा नुसता दांडा. केतकी दुसऱ्या बाजूनं चढली आणि माझ्या शेजारी बसली. मी आतली मापं घेत होते आणि बोलत होते, कारण गप्प राहिले असते तर घेता आली नसती. मी म्हटलं, "इथं ड्रायव्हर हवाच होता. किती सांगितलं मी तुझ्या आईला. शेवटपर्यंत ऐकलं नाही."

भाऊजी खाली, दाराशी उभे होते. टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी ती गाडीत होती."

मला कळलं नाही. मला वाटलं, धूलकोटला येतानाचं सांगताहेत.

"कुठल्या गाडीत?"

"दामूकाकांच्या. बांबूच्या. ती बाजूला बसली होती. केतकी बसलीय ना, तिथं."

केतकीलाही हे नवीनच होतं. तिनं हळूच पाय जवळ घेतले.

मग त्यांनी सांगितलं. हळूहळू, मध्ये थांबत, टेप हातातच. तुमचं लग्न नवीन होतं आणि तुम्ही बसनं कुठंतरी घाटातून चालला होता. तू त्यांचा हात इतका घट्ट धरलास की वळ उठले. तेव्हा सांगितलंस, एकदाच, आणि पुन्हा कधी हा विषय काढायचा नाही असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंस. शाळेला सुट्टी होती. तू हट्ट केलास म्हणून बाबांनी तुला नकटीत बसवून जंगलात नेलं, साहेब लोकांच्या नकळत. परत येताना उतारावर तुला झाडावर वानरं दिसली. एक वानरी पोटाशी पिल्लू धरून होती. तू म्हणालीस, "बाबा, ते बघा ना!" आणि त्यांनी बघितलं.

एवढंच. त्यांनी बघितलं.

चाक नालीत गेलं. गाडी आडवी झाली नाही, नुसती कलली, पण साखळी तुटली. भिका हाक मारायच्या आतच संपला होता. दामूकाकांनी तुला खिडकीतून बाहेर काढलं, अंगावर कुठं लागलंय का बघितलं, आणि बांबू तोडायला आलेल्या एका बाईबरोबर तुला बैलगाडीत बसवून दिलं. जाताना तुझे खांदे धरून म्हणाले, "तू इथं नव्हतीस. कुणालाही सांगायचं नाही. मंगलला पण नाही."

माझं नाव घेतलं होतं त्यांनी, वैजू. अकरा वर्षांच्या पोरीला असं सांगितलं आणि तू ते साठाव्या वर्षापर्यंत पाळलंस.

आणि चौकशीत ते म्हणाले, मला डुलकी लागली.

दामूकाका झोपले नव्हते. मी ते मोठ्यानं म्हटलं, केबिनमध्ये बसून. "ते झोपले नव्हते." केतकी माझ्याकडे बघत होती. भाऊजी म्हणाले, "नाही. जागे होते. पोरीनं हाक मारली तर कोण बाप बघणार नाही?"

  तुझं जाणं मला फोनवर कळलं आणि तुझं जगणं मला आता कळत होतं, एका मोडक्या ट्रकमध्ये, तुझ्या नवऱ्याच्या तोंडून. आपण एका डब्यातलं खाल्लं. तुझी पहिली पाळी मला आधी कळली, तुझ्या आईला नंतर. माझा नवरा गेला तेव्हा तू माझ्याशेजारी झोपायला यायचीस. आणि हे एवढं तुझ्यापाशी होतं. तू कुठं बघताना ड्रायव्हर काढू म्हणून विचारलंस आणि मी म्हटलं, समोर, अजून कुठं!

मला तुझा राग आला, वैजू. खरं सांगते. तेराव्यानंतर चोवीस तासही झाले नव्हते आणि मी मेलेल्या माणसावर चिडले होते. मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? काहीच केलं नसतं. तुझ्याजवळ बसले असते. गोंद लावत. तेवढं तरी मला करू द्यायचं होतंस.

मग मला दामूकाका दिसले, ओट्यावर मान वळवून बसलेले. त्यांना सगळी वसाहत झोपाळू म्हणायची आणि ते ऐकून घ्यायचे. तू त्यांच्या शेजारी बसून पाटीवर काहीतरी काढत असायचीस. तुम्ही दोघं तिथं बसून जे गिळत होतात, ते आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही. तुझ्या बाबांनी तुला वाचवलं आणि तू त्यांचा शब्द वाचवलास. आता यात चूक कुणाची म्हणायची? चूक म्हणायला जागाच नाही. एक वानर होतं, एक पोर होती, एक उतार होता.

हिरवी नकटी तुला का हवी होती, ते मला आता कळतं. हिरवी असताना ती तुमची नव्हती. तिच्यात अजून कुणी बसलेलं नव्हतं, भिका वर चढलेला नव्हता. तू त्या दिवसाच्या मागे जाऊन गाडी थांबवायला निघाली होतीस, कागदाची का होईना. मी मात्र तिच्यावर बांबू रचायला अगरबत्तीच्या काड्या गोळा करत होते. त्या काड्या मी काल घरी आल्यावर फेकल्या नाहीत. देवाजवळ लावून टाकल्या, दामूकाकांच्या आणि भिकाच्या नावानं.

ड्रायव्हर मी काढणार नाही. तो वाद संपला. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता काय उपयोग. खरंय. जिंकलीस तेव्हा इथं नव्हतीस.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुझ्याशी बोलायला दुसरी कुठली जागा नाही म्हणून इथं लिहिते.

भाऊजींनी सगळं सांगून संपवलं. मग ते स्वतःच म्हणाले, "आता पुढचं कुठं धरू?" तुझा नवरा, वैजू, ज्यानं आपल्या कागदांकडे आजवर ढुंकूनही बघितलं नव्हतं. केळी-कापसाच्या हिशेबाच्या बाहेर ज्याला सेंटिमीटर माहीत नव्हता. मी म्हटलं, चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला. ते धोतराचा सोगा सावरून जमिनीवर बसले, टेपचं टोक त्या गंजक्या कोपऱ्याला लावलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं.  मी आकडा वाचला, केतकीनं लिहिला. मग दुसरी बाजू. मग जाळीच्या पट्ट्या, एकेक. त्यांनी एकही सोडू दिली नाही. मी म्हटलं, एका पट्टीवरून बाकीच्या कळतात. ते म्हणाले, "कळत असतील. पण ती सगळ्या मोजायची ना?" मोजायचीस. तू सगळ्या मोजायचीस.

ऊन चढलं होतं. शेडवाले म्हातारे चहा घेऊन आले. तीन माणसं एका भंगार ट्रकभोवती गुडघे टेकून काय करताहेत, ते त्यांना काही उमगेना. त्यांनी आधी मला विचारलं, मग केतकीला, आणि शेवटी भाऊजींच्या शेजारी टेकून हलक्या आवाजात म्हणाले, "साहब, ये नाप किसके वास्ते ले रहे हो? गाड़ी तो अब किसी काम की नहीं."

भाऊजींनी टेप सोडली नाही. वर बघितलंही नाही.

"हमारे घर का काम है," ते म्हणाले.